पाणी गार व्हायच्या आत

"शिसपेन्सिलनंच लिहायचं. शाई स्पिरिटमध्ये जाते, शिसं जात नाही. एकदा नंबर गेला की कुणाचं काय ते देवालासुद्धा सांगता येत नाही..." हा आत्याचा आवाज, सव्वीस वर्षांपूर्वीचा, आणि आज भाचीच्या तळहातावर ती डबी. दोन बोटांएवढी, जाळीदार, एके काळी पांढरी असलेली आणि आता जुन्या दातासारखी पिवळट पडलेली प्लास्टिकची डबी. तिच्या तिरक्या कडेवर नंबर घालतात. त्या जागी बारीक खाचांमध्ये अजून निळं काहीतरी अडकून आहे. नंबर नव्हे. नंबराची सावली म्हणावी तर तीही नाही. कुणीतरी बॉलपेननं लिहिलं आणि ते धुऊन गेलं, एवढंच सांगणारा निळेपणा.

तिनं डबी खिडकीच्या उजेडात धरली. आहे. अजून आहे. मग खालच्या खणात, जुन्या ब्रशांच्या मागं, कापसात गुंडाळून ठेवून दिली.

रोज साडेआठला, प्रयोगशाळेत दुसरं कुणी यायच्या आधी, ती हे करते. हाही नेमच. पहाटे अंघोळ करून श्वास संथ होईपर्यंत देवासमोर उभं राहायचं, हा पहिला. दुपारी बारापर्यंत कुणाला कडू शब्द बोलायचा नाही, हा दुसरा. मेणाचा ठोकळा यंत्रात बसवला की चाकावर हात ठेवून, ज्या जिवाचा तो तुकडा आहे त्याची मनात क्षमा मागायची, हा तिसरा, तो आत्याकडून आलेला. आणि हा चौथा. देवापासून तिनं काही लपवलेलं नाही. उलट अकरा वर्षं रोज न चुकता त्याच्या कानावर घातलं आहे : त्यांना एकदा खाली बघायला लाव, सगळ्यांसमोर, त्याच खोलीत. मी याहून जास्त काही मागत नाही... आणि असं मागताना तिचा आवाज इतका मऊ होतो की शेजारून कुणी ऐकलं तर वाटावं, ही बाई कुणाच्या तरी आयुष्यासाठी आळवणी करते आहे.

साखर त्यासाठीच सोडली. ते होईपर्यंत चहात साखर घालायची नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटतं, मावशींना मधुमेह आहे. कुणाच्या वाढदिवसाला केक कापला की तिच्यापुरतं बिस्किट वेगळं ठेवतात, काळजीनं. ती ते घेते, आभारही मानते.

आत्याला मात्र माहीत आहे. आज सकाळीच, आत्या उशीला टेकून बसली होती, मनगटाचं प्लास्टर निघून आठवडा झालेला, कप दोन्ही हातांत धरलेला...

"तुझा चहा बघूनच माझं तोंड कडू होतं."

"सवय झाली आता."

"सवय कसली, हट्ट. आणि तुमचे साहेब काय म्हणतात? अजून आरशात बघून स्वतःलाच नमस्कार करतात का?"

"आज मोठी मीटिंग आहे. बाहेरची तपासणी मंडळी येणार आहेत."

"मग इस्त्रीचा शर्ट असेल," आत्या म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्या माणसाबद्दल अकरा वर्षांत ती यापेक्षा जास्त बोललेली नाही. एक टोमणा मारायचा आणि खिडकीकडं वळायचं. संध्याकाळी परत गेल्यावर मात्र एकच प्रश्न, चप्पल काढायच्या आधी : "पाणी पुसलंस?" आणि हिचं उत्तर : "पुसलं." इतर घरांत 'जेवलीस का' विचारतात तसं.

पाणी पुसणं म्हणजे एवढंच. मेणात घट्ट बसवलेल्या ऊतीचे, केसाच्या जाडीच्याही विसाव्या हिश्श्याचे काप यंत्राच्या पात्यावरून फितीसारखे सरकत येतात. ती फीत ब्रशच्या टोकानं उचलायची, कोमट पाण्याच्या भांड्यावर अलगद सोडायची, की सुरकुत्या आपोआप निघतात, आणि मग काचेची स्लाइड खालून तिरकी घालून तो काप वर उचलून घ्यायचा. एक ठोकळा संपला की पाण्याच्या पृष्ठभागावरून टिपकागद फिरवायचा. कारण पाण्यावर कधीकधी एखादा कण राहतो. आधीच्या जिवाचा, डोळ्याला न दिसणारा, तरंगत. तो पुढच्या स्लाइडवर चढला की संपलं : मूत्रपिंडात फुप्फुस, मेंदूत कातडी. "ते तरंगणारं काही बोलत नाही," आत्या म्हणायची. "ते जिथं चढतं तिथलंच असल्यासारखं बसून राहतं. म्हणून पुसायचं. आणि पुसायचं राहिलं, तर पाणी गार व्हायच्या आत जाऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी सांगितलेली चूक ही चूक राहत नाही, ती लबाडी होते. कबूल?" कबूल, मी म्हणाले होते. तेवीस वर्षांची होते. प्रयोगशाळेत तिला आत्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, नाहीतर लोक म्हणतील वशिल्यानं चिकटवली, हेही कबूल केलं होतं. सगळंच कबूल करत होते मी तेव्हा.

तिनं पाण्याचं बटण चालू केलं. छोटा तांबडा दिवा लागला.

अकरा वर्षांपूर्वीचा तो सोमवार. सर तेव्हा 'सर' झाले नव्हते, नवीन शास्त्रज्ञ होते, घाईचे, देखणे. रविवारी एकटेच येऊन त्यांनी आपल्या ऊतींचे तुकडे आठ डब्यांत घालून स्पिरिटच्या यंत्रात सोडले होते आणि डब्यांवर नंबर घातले होते खिशातल्या बॉलपेननं. सोमवारी सकाळी आत्यानं झाकण उघडलं तर आठही डब्या कोऱ्या. आत्या त्यांना बोलावून म्हणाली, "यातला एकही कोणता ते मला सांगता येणार नाही. फेकून द्यावे लागतील." तर ते हसले आणि म्हणाले, "फेकायचे कशाला बाई? माझ्या लक्षात आहेत ना." आणि आत्याच्याच टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी आठही डब्यांवर भराभर नंबर घातले, आठवणीतून, ऐटीत. औषध दिलेले चार, न दिलेले चार. सहा महिन्यांनी, वरच्या मोठ्या खोलीत, तीस माणसांसमोर निकाल आला : औषध दिलेले उंदीर आजारी आणि न दिलेले ठणठणीत. कुणीतरी विचारलं, नंबर उलटे तर नाही पडले? तेव्हा ते क्षणभर थांबले. मी बघत होते, दुसऱ्या रांगेतून, एक क्षणच. मग शांतपणे म्हणाले, "नंबरांचं काम बाईंकडं असतं."

तीस माना वळल्या.

आत्या उभी राहिली होती. म्हणाली, "माझं काम पेन्सिलचं." एवढंच. ते कुणालाच कळलं नाही. ते कळण्यासाठी कुणीतरी उठून सांगायला हवं होतं की पेन्सिल कधी जात नाही, रविवारी शाई होती, आणि आठांतली एक डबी खालच्या खणात पडलेली आहे, खाचांत निळं असलेली... यंत्रातून काढतानाच एका डबीची कड तडकली म्हणून, सरांनी पेन्सिल उचलायच्या आधीच, आत्यानं तो तुकडा दुसऱ्या डबीत घातला होता, आणि ती पहिली मी टाकून दिली नव्हती, का कोण जाणे. मला माहीत होतं. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मला एकटीला माहीत होतं. पंधरा वर्षं झाली तरी माझी नोकरी कायम व्हायची होती. मी वहीत बघत होते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आत्यानं राजीनामा दिला. घरी आल्यावर मला काही म्हणाली नाही. कधीच म्हणाली नाही. आणि डबीचं तिला माहीत नाही...

तिनं चाक फिरवलं. ठोकळा खाली आला, पात्याला लागला, वर गेला. खाली, वर. फीत सुटायला लागली, अखंड, ओल्या सायीसारखी. हात शहाणे असतात. मन कुठंही गेलं तरी ते जागेवर राहतात. फक्त एकदाच सुटले होते ते, सहा आठवड्यांपूर्वी. सकाळपासून आतड्याचे ठोकळे कापून झालेले, मग सरांचा सतरा नंबरचा हृदयाचा ठोकळा चढवला, दुसराच काप पाण्यावर पसरला होता आणि फोन वाजला. शेजारची बाई : "तुमच्या आत्या न्हाणीघरात पडल्यात, शुद्धीवर आहेत, पण हात..." तिनं तो काप स्लाइडवर घेतला, ट्रेमध्ये ठेवला, कोट खुंटीला टांगला आणि धावली. आतड्यांनंतर पाणी पुसलं होतं का? नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्याच तिला ते आठवलं होतं. पण पुढं दवाखाना, क्ष-किरण, प्लास्टर. रात्री नऊला घरी आल्यावर गादीवर पडता पडता आत्यानं गळ्यात अडकवलेल्या हातानिशी विचारलं, "पाणी पुसलंस?"

"पुसलं."

खोटं बोलायचं नाही असा वेगळा नेम तिनं कधी घेतला नव्हता. त्याची गरजच वाटली नव्हती.

आणि आठवड्यानं ते फूल उमललं.

सरांचं संशोधन हृदयाच्या व्रणावर आहे. हृदयाचा झटका बरा होतो तेव्हा मेलेल्या स्नायूच्या जागी नुसता चिवट व्रण भरतो. तिथं नवा स्नायू उगवत नाही. तो उगवावा म्हणून जगभर माणसं धडपडताहेत आणि सरांनीही एक औषध उंदरांना देऊन पाहिलं होतं. कापांना असे रंग देतात की अंधारात फक्त पेशींची केंद्रं निळी दिसावीत आणि ज्या पेशी त्या घडीला दोनाच्या चार होऊ लागल्या असतील तेवढ्याच हिरव्या उजळाव्यात. सतरा नंबरच्या व्रणात, जिथं काहीही उजळायला नको तिथं, एक हिरवं कडं दिसलं. बारा-चौदा पेशींचं, वर्तुळात बसलेलं, पाकळ्यांसारखं. ते पहिल्यांदा पाहिलं सरांच्या विद्यार्थिनीनं, जिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहून कुणी पाहिलेली नाही. "मावशी! मावशी, या ना, बघा ना, व्रणात फूल आलंय!"

ती गेली होती. मोठ्या पडद्यावर ते कडं लकाकत होतं, भोवती सगळे उभे, सर टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मधोमध. तिनं पाहिलं आणि तिला कळलं. विचार करावा लागला नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला ज्या बारीक विहिरी असतात, त्यातली एक आडवी कापली की अगदी असंच कडं दिसतं. शरीरात सगळ्यांत भराभर वाढणाऱ्या पेशी त्या. सव्वीस वर्षं मी त्या विहिरी कापते आहे. आणि कडेला, एका बाजूला, ते कडं व्रणापासून किंचित सुटलेलं, दुसऱ्या पातळीवर, जरासं धूसर... चढलेलं. तिथलंच असल्यासारखं बसलेलं.

पोटात काहीतरी गोड पसरलं तेव्हा. खरं सांगायचं तर तेच. साखरेसारखं. देवा, तू ऐकलंस. माझ्या हातून, माझ्याच चुकीतून, मला एक शब्दही न बोलायला लावता तू दिलंस. आता मी काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं. ते फूल घेऊन ते वर चढतील, आणखी वर, आणि एके दिवशी दूरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेतला कुणीतरी म्हणेल, मूळ ठोकळ्याचे पुढचे काप दाखवा. आणि पुढच्या कापांत काही नसेल. गप्प बसणं तर मला येतंच. माझा गुणच आहे तो, सगळे म्हणतात.

भिंगरीनं दोनदा मागितले ते काप. "मावशी, सतराचे अजून सहा द्या ना." "नंबरात लावते गं, बघते," ती म्हणाली. दोन्ही वेळा आवाज मऊ, बारा वाजायच्या आत, नेम न मोडता.

सव्वाअकराला दार ढकलून सर आत आले. इस्त्रीचा शर्ट. मागोमाग भिंगरी, हातात कागदांची चवड, डोळ्यांखाली काळं.

"काय मावशी, तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"चाललंय."

"आज तीनला वर यायचं बरं का. या फुलामागं तुमचे हात आहेत. मी सगळ्यांसमोर नाव घेणार आहे तुमचं."

"बरं."

"नुसतं बरं? अहो, मी लग्नाचं विचारलं तेव्हा आमच्या घरचीसुद्धा एवढंच म्हणाली होती. वीस वर्षं झाली, अजून कळलं नाही होकार होता की काय ते." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. हसताना ते अजूनही देखणे दिसतात.

भिंगरी हसली नाही. "सर, सतराच्या पुढच्या कापांत पण फूल दिसलं असतं तर... एकाच स्लाइडवर आहे. त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"विचारलं तर तू आहेस ना. चित्र तुझं, शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. पहिलं नाव काय नुसतं टाळ्या घ्यायला असतं? उत्तरंही त्यानंच द्यायची असतात." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. प्रेमानं, खरंच प्रेमानं. मग हातातली बाटली टेबलावर ठेवली, नवा तुकडा होता, पसाऱ्यातून एक कोरी डबी उचलली आणि खिशातलं पेन काढून टोपण दातांनी उघडलं.

"सर, शाई नको!" भिंगरी जवळजवळ ओरडलीच. "जाते ती. मावशी मारतील मला."

"हो की." त्यांनी पेनाकडं पाहिलं. "या शाईनं एकदा आमचं अख्खं वर्ष खाल्लंय, माहितीये? तुझ्या आधीची गोष्ट. एक बाई होत्या इथं. चांगल्या होत्या, पण वय झालेलं. शाईनं नंबर घालून बसल्या. सगळे गट इकडचे तिकडं. मी त्यांना काही बोललो नाही हं, वयानं मोठ्या. मावशी, तुम्ही होतात ना तेव्हा? काय बरं त्यांचं नाव..."

चाकावरचा तिचा हात तिथंच राहिला.

"होते," ती म्हणाली. "बाई म्हणायचो आम्ही."

"हां. बाई." ते विसरलेसुद्धा लगेच, घड्याळ बघत निघून गेले.

ते खोटं बोलत नव्हते. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं होतं. एखादा कण तरी, काहीतरी किंचित सुटलेलं, धूसर, शोधत होती ती, पण काही नव्हतं. अकरा वर्षांत त्यांनी आपल्या हातातलं पेन आत्याच्या हातात दिलं होतं आणि ती जागा भरूनही आली होती, चिवट, गुळगुळीत. त्यांना खाली बघायला लाव म्हणून मी रोज हात जोडले, आणि यांच्यापाशी खाली बघण्यासारखं काही शिल्लकच नाही. ते सुखानं झोपतात. सुखानं! हातातलं पातं, नवं, पेटीतून अर्धं काढलेलं, त्याच्याकडं तिनं पाहिलं आणि ते परत आत सरकवून पेटी बंद केली, सावकाश, कट असा आवाज होईपर्यंत.

भिंगरी अजून तिथंच होती. डबी तिनं उचलली होती, कानामागची पेन्सिल काढून नंबर घातला होता.

"बिचाऱ्या," ती म्हणाली.

"कोण?"

"त्या बाई हो. कशाला शाईनं लिहिलं असेल त्यांनी? एवढं साधं..." मान हलवून तीही गेली, भिरभिरत.

बिचाऱ्या.

खोलीत पाण्याच्या भांड्याचा बारीक गुणगुणाट तेवढा उरला. आणि त्या गुणगुणाटातून तिला, उशिरा, फारच उशिरा, दिसलं ते अगदी सरळ होतं. मूळ ठोकळा मागणारा तो दूरचा माणूस कधीतरी येईल. तेव्हा सर क्षणभर थांबतील. एक क्षणच. मग म्हणतील, चित्र तिचं, पहिलं नाव तिचं. माना वळतील भिंगरीकडं. आणि आणखी अकरा वर्षांनी कुठल्यातरी मुलीला ते सांगत असतील, एक विद्यार्थिनी होती आमच्याकडं, हुशार, पण घायकुती. काय बरं तिचं नाव... मी ज्यांच्यासाठी साखर सोडली त्यांच्यापर्यंत हे पोचणारच नाही. ते वरच्या पायरीवर कोरडे राहतील, आणि मी आपली समजत राहीन की देवानं ऐकलं. मी नेम धरला त्यांच्यावर आणि समोर उभी केली ही पोर. तिला काप नाकारले मी. दोनदा. गोड आवाजात.

बारा वाजून गेले होते. आता कडू बोलायला हरकत नव्हती, पण बोलायला समोर कुणी नव्हतं.

तिनं फडताळातून सतरा नंबरचा ठोकळा काढला. बर्फावर ठेवून गार केला. यंत्रात बसवला, चाकावर हात ठेवला आणि क्षमा मागताना पहिल्यांदाच नक्की कुणाची ते तिला समजेना. सहा काप घेतले. प्रत्येक कापाआधी पाणी पुसलं, कोरडा टिपकागद या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंग दिले, थांबायचं तेवढं थांबली, मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत गेली. सहाही व्रण सारखे : निळी केंद्रं, विरळ, वाळूवर विसरून राहिलेल्या शिंपल्यांसारखी. हिरवं काही नाही. कुठलंही फूल नाही. वाईट दिसत नव्हतं ते. जे आहे ते होतं.

दोन वाजता तिनं घरी फोन लावला.

"जेवलीस?"

"जेवले. तू या वेळेला फोन केलास म्हणजे कुणीतरी गेलंय, नाहीतर तू काहीतरी मोडलंयस."

"आत्या, तू पडलीस त्या दिवशी मी पाणी पुसलं नव्हतं."

पलीकडं भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज.

"मला तर पुसलं म्हणालीस."

"हो."

"काय आलं तरंगून?"

"आतडं."

"आणि बसलं कशावर?"

"हृदयावर. व्रणावर. सरांच्या कामात."

"त्यांना काय वाटलं ते?"

"नवा स्नायू उगवला असं. सगळे त्याला फूल म्हणतात."

आधी तिला वाटलं आत्याला ठसका लागला. मग कळलं की आत्या हसते आहे. पोटातून, दम लागेपर्यंत, फोन कानापासून लांब गेला तरी ऐकू येत होतं. "आतड्याचं फूल... अगं आई गं... आणि त्याला वास नाही आला?" आत्या अकरा वर्षांत अशी हसली नव्हती. ऐकता ऐकता हिलाही हसू फुटलं, अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून. दोघी हसत राहिल्या. असं वाटलं की झालं, एवढंच हवं होतं, सूड म्हणजे एवढाच असतो.

मग आत्या पाणी प्यायली. "तुला कधी कळलं?"

"पाच आठवडे झाले."

पलीकडं पेला खाली ठेवल्याचा आवाज.

"म्हणजे ठेवून घेतलंस."

"तुझ्यासाठी..."

"माझ्या नावावर खपवू नकोस. मी मागितलं होतं? साखर सोडलीस तीही माझ्याच नावावर. मी रोज गोड चहा पिते नि समोर तू कडू घोट घेत बसतेस, मला तो गोड लागत असेल असं वाटतं तुला?"

आत्या, एक डबी आहे माझ्याकडं. हे वाक्य ओठांपर्यंत आलं. तेव्हाची, निळी, त्या दिवशीही होती, मी दुसऱ्या रांगेत होते आणि माझ्याकडं ती होती... वाक्य आलं आणि तिथंच राहिलं.

"तिथं कुणी पोरगी आहे का मध्ये?" आत्यानं विचारलं.

"आहे."

"असतेच. मीटिंग कितीला?"

"तीनला."

"मग फोनवर काय करतेस? पाणी गार होतंय." आणि फोन ठेवला.

सहा आठवड्यांपूर्वीच गार झालेलं पाणी. तरीसुद्धा ती खोलीत परत आली तेव्हा तांबडा दिवा लागलेला होता, आणि तिनं बटण बंद केलं. जणू आतापासून मोजायचं असं ठरल्यासारखं. सहा स्लाइड ट्रेमध्ये लावल्या. त्यांच्या घासलेल्या कडांवर शिसपेन्सिलनं ओळीनं नंबर घातले : पहिलीवर सतरा, काप दुसरा असं लिहिता लिहिता थांबली, खोडलं, तिसरा ते आठवा असे घातले. दुसरा म्हणजे ते फूल. मग एका चिठ्ठीवर, आजची तारीख, आणि त्याखाली सहा आठवड्यांपूर्वीची तारीख, आणि त्यापुढं : पाणी पुसलं नव्हतं. मी. खाली सही.

खालचा खण उघडला. कापूस सोडला. निळं आहे. ती डबी तिनं कोटाच्या खिशात टाकली. का, ते स्वतःला विचारलं नाही. ती काढीन, न काढीन. आधी माझी चूक, मग... मग काय ते त्या खोलीत उभं राहिल्यावर कळेल. त्यांना माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. आपण उठून चूक आपली म्हटली की तीस माणसांसमोर, ज्यानं ती कधी म्हटली नाही, त्याला ते कसं ऐकू येईल याचा विचार तिच्या मनात आला आणि तिला बरा वाटला, हे देवापासून लपवण्यात अर्थ नव्हता. हे वचन पाळणं आहे की शेवटी साधलेला सूडच आहे, दोन्ही एकमेकांवर चढून बसलं होतं. कड कुठं सुटली आहे ते तिला दिसेना, आणि पुसायला आता वेळ नव्हता.

तीनला पाच मिनिटं कमी होती. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज, भिंगरीची पावलं इकडून तिकडं. ती जिना चढायला लागली, एका हातात ट्रे, दुसरा खिशावर. सवयीनं तिनं मनात हात जोडले : देवा, त्यांना... आणि अकरा वर्षं रोज म्हटलेलं ते वाक्य पुढं सरकेना. ती एका पायरीवर थांबली. पुन्हा सुरुवात केली. यावेळी जे आलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं, मऊही नव्हतं : माझा आवाज फुटू दे. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे.

स्लाइड एकमेकींवर किणकिणू नयेत म्हणून ट्रे छातीशी धरून ती सावकाश वर निघाली. मागं खोलीत भांड्यातलं पाणी अजून कोमट होतं.